डाग

खाजणातल्या चिखलाला कुजक्या अंड्याचा वास येतो,
म्हणून तो मला कामाचा.
अवसेच्या उधाणाला पुरते, अष्टमीच्या भांगाला काढते.
आठ दिवसांत चांदी
आठशे वर्षांची होते.

जैतापूरच्या बाजारात आमचं दुकान.
पाटीवर अजून बाबांचं नाव, रघुवीर नागवेकर,
त्यातला ‘घु’ खाऱ्या वाऱ्याने खाल्लेला.
बाबांनी गावभर नथी घडवल्या,
आईच्या अंगावर मात्र एक डाग नव्हता,
दोन्ही अर्थांनी.

गिऱ्हाईक आता गावातलं नाही.
पुण्याहून मंजिरी लेले येतात,
मखमली डब्या आणि छापील कार्डं घेऊन.
‘खोटं नाही हो यात काही,
आपण कुठे प्राचीन म्हणतो? प्राचीन शैली म्हणतो.’
त्यातली ‘शैली’ इतकी बारीक छापलेली
की बाबांच्या भिंगाखाली धरावी लागते.
मागे माझा ‘न’ ठोकू का, विचारलं.
‘नको. त्याने वय कमी होतं.’

तरीतून उतरून चिऱ्यांची पाखाडी चढलं की
केशवाचं देऊळ.
काळा दगड, माझ्या खांद्याएवढा,
शिलाहारांच्या वेळचा म्हणतात, म्हणणाऱ्यांनी पाहिलेलं नाही.
मेखलेला घुंगरू, दंडात केयूर,
हारात मोजून एकवीस मणी.
बटरपेपर, पेन्सिल, मोबाईलचा उजेड.
बाळा गुरव उंबऱ्यात सुपारी कातरत बसतो:
‘हात नको लावूस. बघ किती बघूचा ता.’

सातवा मणी फुटका.
तोच सगळ्यांना हवा असतो.
‘तसाच फुटका करा,’ मंजिरीताई म्हणतात,
‘लोक आधी तिथेच बोट फिरवतात.’
केले मी. सव्वीस हार, सव्वीस फुटके मणी,
छिन्नीचा एकेक टवका.

मग कार्तिकात एकदा अभिषेक चालू असताना पोचले.
पाणी हारावरून उतरत होतं
आणि सातव्यापाशी जरा अडलं.
वाकले.
फुटका नव्हता.
त्याला तारेचे दोन वेढे होते, टोक डावीकडे दाबलेलं,
आणि खाली तांदळाच्या कणीएवढा फुगीर थेंब.

झाळ.
टाकणखार जास्त पडलेला, आच वाकडी लागलेली.
बाबा याला घाईचा डाग म्हणायचे,
गिऱ्हाईक पायरीवर उभं असताना दिलेला.

म्हणजे कुणाचा तरी हार तुटला होता.
कुणीतरी फुंकणी तोंडात धरून तो सांधला,
जरा वाईटच सांधला.
आणि पाथरवटाने तो समोर ठेवून
देवाच्या गळ्यात जसाच्या तसा उतरवला.
नीट करून घेता आला असता. नाही केला.
ते सोनं पुढे मुशीत गेलं असणार, कितीदा कोण जाणे;
बाबांच्या एखाद्या नथीत त्याची गुंजभर असेलही.
दगड तेवढा राहिला, सोन्याची नक्कल,
आणि मी त्याची नक्कल करत होते
चुकीची.

सत्ताविसावा हार घेतला.
डाग द्यायचा तर आधी मोडायला हवं.
नवा, गोल, निर्दोष मणी चिमट्यात धरला
आणि माझा हात थांबला, बाबा पाहत असल्यासारखा.
मोडला. दोन वेढे, टोक डावीकडे.
थेंब मुद्दाम पाडायला गेले तर पडेना,
पाचव्या वेळी चुकून पडला.

तो हार परत आला.
‘हा दुरुस्त केलेला वाटतो. फुटका कुठेय?’

चिखलात पुरला नाही तो.
खणात असतो, वारा लागून काळवंडतोय
त्याच्या त्याच्या गतीने. मागे ‘न’ आहे.

एका सोमवारी बाळा गुरवाला नेऊन दाखवला.
त्याने देवाकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं,
सातव्या मण्यावर अंगठा ठेवला.
घालशील का, म्हटलं, त्याच्या गळ्यात, एक दिवस?
त्याने सुपारी गालात सरकवली.

‘त्येच्या गळ्यात आसा मा एक.’